खालची ओळ कापलेला ख्रिस्तोफर

माझी भाची कलेचा इतिहास शिकते. गेल्या सत्रात तिला एक प्रकल्प होता: मध्ययुगीन युरोपातलं एखाद्या ख्रिस्ती संताचं छापील चित्र निवडायचं आणि त्यातली प्रतीकं उलगडून दाखवायची. तिनं बुक्सहाइमचा संत ख्रिस्तोफर निवडला. १४२३ साल घातलेलं हे चित्र युरोपातल्या साल घातलेल्या छापील चित्रांमध्ये सगळ्यात जुन्यांपैकी एक. सात पानं लिहून झाल्यावर तिनं ती मला वाचायला पाठवली, कारण माझं आयुष्य लाकडाचे ठसे कोरण्यात आणि शाईचा रूळ फिरवण्यात गेलंय. पानं टापटीप होती, जवळपास प्रत्येक वस्तूला एकेक अर्थ जोडलेला होता. फक्त चित्र कशासाठी होतं हे त्यात कुठंच नव्हतं.

आधी चित्र पाहू. आकार साधारण २९ बाय २१ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या झेरॉक्सच्या कागदाएवढा. मधोमध नदीत उतरलेला धिप्पाड दाढीवाला माणूस आणि त्याच्या खांद्यावर एक बाळ. माणसाच्या हातात काठी म्हणावी तर ती अख्खं झाडच आहे, शेंड्याला पानांचा झुबका. उजव्या काठावर कंदील धरून गुडघे टेकलेला एक साधू, त्याच्याजवळ घंटा टांगलेलं छोटं प्रार्थनाघर, आणि खाली बिळातून डोकावणारा ससा. डाव्या काठावर पाणचक्की. तिच्याकडे एक जण जनावरावर गोणी लादून येतोय आणि दुसरा पाठीवर गोणी घेऊन चढावरच्या घराकडे निघालाय. रंग नंतर हातानं भरलेले.

भाचीच्या पानांत याची अशी वाटणी होती: नदी म्हणजे भवसागर, कंदील म्हणजे ज्ञान, झाड म्हणजे हौतात्म्य, चक्कीचं चाक म्हणजे काळ, ससा म्हणजे कामवासना. शिवाय डावी बाजू संसाराची, उजवी अध्यात्माची. आणि हे सगळं "तांब्याच्या पत्र्यावर नाजूकपणे कोरलेलं".

मी फोन केला. "अगं, खालच्या ओळीबद्दल काहीच कसं नाही?"

"कुठली ओळ, मावशी?"

तिनं चित्र पाठवलं तेव्हा उलगडा झाला. तिनं उतरवून घेतलेली प्रत पाण्याच्या रेषेशीच कापलेली होती. त्याखालची मजकुराची पट्टी कुणीतरी चौकट सुबक दिसावी म्हणून उडवली असणार. सात पानांचं लिखाण त्या कापलेल्या प्रतीवर उभं होतं. यात तिची चूक थोडीच. पण मूळ वस्तू पूर्ण पाहिली आहे ना, हे तपासायला हवं होतं, आणि ते मी तिला सुनावलंही.

त्या पट्टीवर लॅटिनमध्ये यमक जुळवलेल्या दोन ओळी आहेत: "क्रिस्तोफोरी फासिएम दिए क्वाकुम्क्वे तुएरिस, इल्ला नेम्पे दिए मोर्ते माला नॉन मोरिएरिस." पुढं साल, चौदाशे तेवीस. अर्थ असा: ज्या कुठल्या दिवशी ख्रिस्तोफरचं मुख पाहशील, त्या दिवशी तुला वाईट मरण येणार नाही.

हे वाचल्यावर मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. दिवस बिघडला की आपण म्हणतोच, "सकाळी कुणाचं तोंड पाहिलं होतं कोण जाणे." इथं नेमकं उलट आहे. सकाळी उठून याचं तोंड पाहा, दिवस निभावेल. भाचीनं 'प्रतीकात्मक प्रतिमा' असा शब्द वापरला होता. मी तिला म्हटलं, तो खोडून 'दर्शन' लिही आणि मग काय होतं बघ. दर्शनासाठी केलेल्या चित्रात मुख दिसणं ही पहिली गरज असते, बाकी सगळं त्यामागून येतं. राक्षसासारख्या मोठ्या आकाराचं कारणही मग पाल्हाळ न लावता कळतं. कथेत तो बारा हात उंच आहे हे खरंच, पण चित्रात तो एवढा मोठा असतो तो लांबून दिसावा म्हणूनही. युरोपातल्या कितीतरी चर्चमध्ये ख्रिस्तोफर दारासमोरच्या भिंतीवर छतापर्यंत रंगवलेला असे. शेतावर निघालेल्या माणसानं उंबऱ्यातूनच नजर टाकावी आणि पुढं जावं. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये ख्रिस्तोफरचं जे भलंमोठं चित्र आहे, ते पाहताना अनेकांना वाटतं की मुख्य वेदीवरची कथा तर संत कॅथरिनची, मग हा मध्येच कुठून आला? तो याच सवयीतून आला.

'वाईट मरण' या शब्दांवर आम्ही बराच वेळ घालवला. भाचीनं दुसऱ्या खर्ड्यात लिहिलं, "हे चित्र मृत्यूपासून संरक्षण देत असे." घाईत सगळे असंच लिहितात. पण ओळीत मरण टळेल असं म्हटलेलं नाही. त्या काळच्या माणसाला मरणाइतकीच, किंबहुना जास्त, भीती होती ती अवचित मरणाची. पापांची कबुली न देता, शेवटचे संस्कार न होता, झोपेत किंवा वाटेवर गाठणारं मरण. १३४८ च्या सुमाराला आलेल्या महामारीनं आणि तिच्या पुढच्या लाटांनी तसली मरणं घरोघर दाखवली होती. आपल्याकडे तीर्थ घेताना "अकालमृत्युहरणं" म्हणतात, त्याच्या जवळ जाणारं हे मागणं आहे, पण तेच नाही. तिथं वेळेआधीचं मरण टाळायचं असतं, इथं तयारीविना येणारं. लोकांनी अर्थात इतका बारीक भेद पाळला नाही. ख्रिस्तोफरचं चित्र पाहिलं की आज मरत नाही, अशी समजूत पसरलीच, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी इरॅस्मस या डच विद्वानानं तिची यथेच्छ टिंगल केली.

एवढं कळल्यावर पुढचा प्रश्न: हा कागद होता कुठं? दक्षिण जर्मनीत मेमिंगेन गावाजवळ बुक्सहाइमला कार्थुशियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ होता. तिथल्या एका लॅटिन हस्तलिखिताच्या पुठ्ठ्याला आतून हा कागद चिकटवलेला सापडला. हस्तलिखित १४१७ चं. त्याच्या दुसऱ्या पुठ्ठ्याला आतून मरियेला देवदूत निरोप सांगतो तो प्रसंग. हाइनेकेन नावाच्या जर्मन जाणकारानं १७७१ मध्ये छापलेल्या ग्रंथातून ही गोष्ट जगाला कळली. पुढं ते हस्तलिखित इंग्लंडात अर्ल स्पेन्सरच्या संग्रहात गेलं, तो संग्रह १८९२ मध्ये एन्रिकेटा रायलंड्स यांनी विकत घेतला, आणि आज चित्र मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात आहे.

पुठ्ठ्याच्या आत होतं म्हणून वाचलं, हे लक्षात ठेवायला हवं. असले कागद दारावर, भिंतीवर, पेटीच्या झाकणाला डकवले जात आणि झिजून जात. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरावरचा गणपती आपण तरी किती दिवस जपतो? तेव्हा हा एक कागद म्हणजे त्या काळचा नेहमीचा नमुना, असं गृहीत धरता येत नाही. १४२३ हे सालसुद्धा ठशात कोरलेलं आहे. ठसा कोरला ते वर्ष असं ते घ्यावं, पण हाच कागद त्याच वर्षी छापून निघाला हे त्यावरून ठरत नाही. ठसा टिकतो, त्यावरून पुढं वर्षानुवर्षं छापता येतं.

इथून आम्ही वस्तूंकडे वळलो. आधी गोष्ट वाचायची, मग वस्तू पाहायची, असा नियम केला. ख्रिस्तोफरची कथा तेराव्या शतकात याकोबुस दे वोराजिने या डॉमिनिकन पंथाच्या साधूनं 'सुवर्णकथा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संतचरित्रांच्या संग्रहात सांगितली आणि तीच सर्वतोमुखी झाली. कनानचा हा राक्षसी माणूस जगातल्या सगळ्यात मोठ्या राजाची चाकरी शोधत निघतो. राजा सैतानाला भितो म्हणून सैतानाकडे जातो, सैतान रस्त्यातल्या क्रुसाला भितो म्हणून त्यालाही सोडतो. एक साधू त्याला सांगतो, उपास कर. जमत नाही. प्रार्थना कर. तीही येत नाही. मग, एवढा दांडगा आहेस तर नदीकाठी राहा आणि लोकांना पार नेऊन सोड. एकदा रात्री बाळाचा आवाज येतो. दोनदा बाहेर येऊन पाहतो तर कुणी नाही, तिसऱ्यांदा बाळ दिसतं. खांद्यावर घेऊन निघतो, तर पाणी चढत जातं आणि बाळ शिशासारखं जड होत जातं. पैलतीरी कळतं की आपण सगळं जग आणि ते घडवणारा, दोघांनाही उचललं होतं. ग्रीक नावाचा अर्थही तोच, ख्रिस्ताला वाहणारा.

भाची लगेच म्हणाली, "मावशी, हा तर वसुदेव!"

हे वाटणारच. पावसाळी रात्र, फुगलेली यमुना, डोक्यावर टोपलीत कृष्ण. तिनं त्यावर एक अख्खं पान लिहायचं ठरवलं होतं. मी अडवलं नाही, पण दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी मांडायला लावल्या. वसुदेवाला ठाऊक आहे की तो कुणाला नेतोय. ख्रिस्तोफरला पैलतीरी पोचेपर्यंत पत्ता नाही. तिथं यमुना वाट देते; इथं नदी शेवटपर्यंत अडवते आणि बाळ स्वतःच ओझं होतं. जर्मनीतल्या कोरणाऱ्याला वसुदेव माहीत असण्याचं कारण नाही, त्यामुळं उगमाबद्दल या साम्यातून काहीच मिळत नाही. मिळतं ते एवढंच की आपली नजर कुठं आपोआप वळते ते समजतं. पानाचा परिच्छेद झाला आणि बरं झालं.

आता बाळाकडे. डोक्यामागच्या वलयात क्रूस आहे. हे चिन्ह पक्कं आहे: असं क्रुसाचं वलय साध्या संताला देत नाहीत. एका हाताचा आशीर्वाद, दुसऱ्या हातात क्रूस खोवलेला गोळा, म्हणजे जग. गोळा हे राजचिन्ह आहेच, पण या कथेत तो वजनाचा खुलासाही आहे. बाळ एवढं जड का, तर त्याच्या हातात ते आहे म्हणून. एका वस्तूला ठरलेला अर्थ असतो आणि ती या गोष्टीत वेगळं कामही करते, याचं इतकं सोपं उदाहरण दुसरं नाही.

झाडाचं तसंच. खजुराची फांदी ही हुतात्म्यांची खूण, हे भाचीचं म्हणणं कोशात सापडेल आणि ख्रिस्तोफर पुढं हुतात्मा होतोच. पण कथेत बाळ सांगतं की तुझी काठी झोपडीशेजारी रोव, सकाळी तिला पालवी फुटेल. सकाळी ती खजुरासारखी पानाफळांनी लगडलेली असते. म्हणजे चित्रातली पानं आधी या चमत्काराची आहेत, हौतात्म्याचा अर्थ त्यावर मागाहून बसतो. गंमत अशी की पालवी दुसऱ्या दिवशी फुटायची होती आणि चित्रात संत अजून पाण्यातच आहे. रात्र आणि पुढची सकाळ एकाच कागदावर. अजिंठ्याच्या भिंतींवर जातकातलं एकच पात्र पुन्हा पुन्हा येतं तेव्हा आपल्याला काळ पुढं सरकल्याचं कळतं. इथं पात्र एकदाच आहे आणि काळ काठीला लागलाय.

कंदिलावरून मात्र आमचं वाजलं. भाचीला ज्ञानाचा प्रकाश सोडवेना. मग मी तिला घरी बोलावलं आणि ठसे कोरायला वापरतात त्या मऊ लिनोलियमचा तुकडा, एक कोरणी आणि रूळ पुढ्यात ठेवला. म्हटलं, रात्र कोरून दाखव. लाकडी ठशात जो भाग पांढरा हवा तो खोदून काढतात, उभी राहिलेली रेष शाई घेते. तांब्याच्या कोरीवकामात उलट, खोदलेल्या रेषेतच शाई भरतात, आणि तिथं बारीक रेघांच्या जाळीनं अंधार उभा करता येतो. १४२३ च्या या ठशात जाड, मोकळ्या बाह्यरेषा आहेत, छाया जवळपास नाहीच, कारण रंग हातानं भरायचा होता. अशा कामात आभाळ काळं करणं म्हणजे लाकूड न कोरता तसंच ठेवणं, आणि मग त्यात संत हरवणार. तिनं अर्धा तास खटपट केली, रात्र काही झाली नाही. शेवटी कोपऱ्यात एक दिवा कोरला. "हां, आता रात्र वाटते," असं स्वतःच म्हणाली आणि हसायला लागली. कंदील आधी वेळ सांगतो. वाट दाखवणारा साधू, घंटा, प्रार्थनाघर हे सगळं धरून त्यात धर्माचा उजेड वाचायचा तर वाचावा, पण दुसऱ्या पायरीवर.

त्याच लिनोवर तिनं हौसेनं 'क' कोरला होता. छापल्यावर तो उलटा आला. डाव्या-उजव्या बाजूचा तिचा सिद्धान्त तिथंच डळमळला. ठसा उलटा कोरावा लागतो, आणि एखाद्यानं दुसऱ्याचं छापील चित्र समोर ठेवून जसंच्या तसं कोरलं की छापताना त्याच्या बाजू बदलतात. अशा नकलांमध्ये आशीर्वाद डाव्या हातानं पडलेला दिसतो. बुक्सहाइमच्या ठशात अक्षरं सुलट उमटलीत, म्हणजे कोरणाऱ्यानं निदान तिथं उलटं कोरण्याचा हिशोब केला होता. तरी छापील चित्रात डावं-उजवं एवढ्याच आधारावर संसार आणि अध्यात्म वाटून देऊ नये, असं माझं मत.

राहिली चक्की. पाणचक्की म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं छत्रपती संभाजीनगरची येते. युरोपात नदीकाठी चक्की असणं तितकंच रोजचं होतं. भाचीला दरम्यान कुठंतरी 'गूढ चक्की' वाचायला मिळाली होती. पंधराव्या शतकातल्या काही जर्मन वेदीचित्रांत खरोखरच चक्कीत धान्याच्या जागी धर्मवचन पडतं आणि खाली ख्रिस्ताच्या प्रसादाची भाकर निघते. तिनं ते इथं लावलं. पण तसल्या चित्रांत चक्कीभोवती सुवार्ताकार, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारे चौघं, असतात, देवदूत असतात, भाकर निघताना दिसते. इथं त्यातलं काही नाही. आहे ती दळणाची गोणी. नुसतं चाक दिसलं म्हणून तो अर्थ ओढून आणला तर उद्या प्रत्येक चाकाला संत कॅथरिनचा छळ करायला आणलेलं चाक म्हणावं लागेल.

मला चक्कीत दिसतं ते वेगळंच, आणि हे माझं वाचन आहे, कुठल्या कोशातलं नाही. डावीकडे जनावर ओझं वाहतंय. त्याच्या वरच्या बाजूला माणूस गोणी घेऊन चढावर चाललाय, कंबरेत वाकलेला. मधे ख्रिस्तोफर जगाचं ओझं घेऊन पाण्यात. तीन ओझी, चढत्या वजनाची. मजकुराच्या पट्टीवरून वर नजर नेली की चढणाऱ्या माणसाची आणि संताची पाठ एकाच जातीची वाटते. ज्यानं सकाळी हे चित्र पाहून कामाला निघायचं, तो बहुधा गोणीवालाच. भाचीनं हे वाक्य पुरवणीत "एक शक्यता" म्हणून घेतलं, मुख्य मजकुरात नाही. तिचं बरोबर होतं.

आणि ससा. कामवासनेचा अर्थ मध्ययुगात होता, नाकारता येत नाही. पण इथं तो खडकाच्या बिळात आहे आणि नेमका साधूच्या पायाखाली. बायबलातल्या नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात दुबळे पण शहाणे प्राणी मोजलेत, त्यांतल्या एकाला लॅटिन बायबलात ससा म्हटलंय: अशक्त जात, पण खडकात बिछाना करते. खडक म्हणजे ख्रिस्त आणि ससा म्हणजे त्याच्या आसऱ्याला आलेला दुबळा माणूस, हा अर्थ इथं जास्त शोभतो. मजा म्हणजे मूळ हिब्रू शब्द सशाचा नाहीच. तो खडकांत राहणाऱ्या हायरॅक्स नावाच्या वेगळ्याच प्राण्याचा; बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या संत जेरोमच्या भाषांतरात त्याचा ससा झाला. एका भाषांतरामुळं युरोपातल्या सशाला धर्मात आसरा मिळाला.

अंतिम खर्ड्यात तिनं वस्तूंचा तक्ता काढून टाकला. सुरुवात खालच्या ओळीनं केली, पूर्ण चित्र लावलं, 'तांब्याचा पत्रा' गेला. क्रुसाचं वलय, गोळा आणि काठी यांबद्दल ठाम विधानं, कंदिलाबद्दल दोन पायऱ्या, चक्की साधी चक्की. सशावर मात्र आमचं जुळलं नाही. माझं म्हणणं, नीतिसूत्रांचा आधार द्यावा. तिचं म्हणणं, कोपरा रिकामा दिसत होता म्हणून कोरणाऱ्यानं ससा घातला असेल, खडक आहे तिथं बीळ, बीळ आहे तिथं ससा. "मावशी, तू नाही का लिनोच्या कोपऱ्यात उगाच चिमणी काढतेस?"

काढते. तिनं दोन्ही मतं लिहून पानं दिली.